मासे खाणाऱ्यांना थायरॉईड होत नाही म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरुवारच्या आरोग्य पुरवणीतला थायरॉईडवरचा लेख वाचला. आमच्याकडे पेपर अकराच्या एसटीने येतो, त्यामुळे जेवणं आटपून दुपारी जरा आडवं होताना वाचायला घेतला आणि झोपच उडाली. म्हणे कोकणी माणसाच्या ताटात रोज मासे, त्यामुळे आयोडीन भरपूर, त्यामुळे इकडे थायरॉईड नाहीच, आणि झालाच तर समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणि पावडर घेऊन 'गोळीच्या व्यसनातून' सुटा. लेखिकाबाई कोकणात आल्याच असतील तर डॉल्फिन बघून परत गेल्या असाव्यात. आमच्या वाडीत हळदीकुंकवाला येऊन बसा आणि विचारा, सकाळी उठल्या उठल्या गोळी कोण कोण घेतं. चांगले पाच-सहा हात वर येतील, त्यात माझाही, आणि बांगडा-तारली यातल्या एकीनेही सोडलेली नाही.

आयोडीन कमी पडून गलगंड होतो हे खरं आहे, हिमाचलात कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन घालून तो कमी करून दाखवला आणि 1962 पासून सरकारने देशभर तो कार्यक्रम घेतला. पण आता मिठाच्या बहुतेक पुड्यांत आयोडीन असतं, मोठ्या माणसाला दिवसाला लागतंच मुळी 150 मायक्रोग्रॅम, मग आमच्यासारख्यांचा थायरॉईड कमी का पडतो? तर बहुतेकींमध्ये आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर उठते म्हणून. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने 1912 मध्येच हे दुखणं लिहून ठेवलंय. तिथे वरून आणखी आयोडीन ओतून काय उपयोग? उलट जास्त झालं तर ग्रंथी अजून मंदावू शकते. हे मी मनाचं सांगत नाहीये, आमची लेक फार्मसी शिकलीये, तिने त्या लेखाच्या समासात पेनाने लिहून दिलंय, हवं तर कात्रण पाठवते.

आता आमच्या वैनींचं ऐका, म्हणजे मी का चिडले ते कळेल. वैनी म्हणजे माझी मोठी जाऊ. कित्येक वर्षं रोज थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनची गोळी, कधी तक्रार नाही. गेल्या गणपतीत आमचा डोंबिवलीचा पुतण्या आला तो मखराच्या सामानाबरोबर एक डबा घेऊन. 'थायरॉईड सपोर्ट'. किंमत हजाराच्या वर, आत कॅप्सूल, दिवसाला तीन. "मोठी काकी, ही गोळी आयुष्यभर कशाला खातेस, हे नॅचरल आहे." चाकरमान्याने मुंबईहून आणलेलं म्हणजे ते भारीच असणार, वैनींनी गोळी बंद केली. मी बोलले, तर "तू गप गो, मला बरं वाटतंय" म्हणाल्या. आणि खरंच बरं वाटत होतं! कारण थायरॉक्सिन शरीरात साधारण आठवड्याने निम्मं होतं, म्हणजे गोळी सोडली तरी पंधरा दिवस काही कळतच नाही, आणि सगळं श्रेय डब्याला जातं.

नवरात्र संपेपर्यंत वैनींचं तोंड सुजलं. आवाज असा जाड झाला की फोनवर माझ्या भावाला वाटलं दीर बोलतायत. भर ऑक्टोबरच्या उन्हात खळ्यात भाताची झोडणी चाललेली, आम्ही घामाने निथळतोय आणि या ओटीवर शाल पांघरून बसलेल्या, पंखा लावला की बंद कर म्हणायच्या. शेवटी चिपळूणला नेऊन रक्त तपासलं, तर टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी मंदावली की हा आकडा वाढतो) चारच्या आत! म्हणजे नॉर्मल. पुतण्याने रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, वर लिहिलं 'थायरॉईड गेला', त्यावर पंचवीस अंगठे.

डॉक्टर मात्र जुने. त्यांनी रिपोर्टकडे एकदा बघितलं आणि वैनींच्या तोंडाकडे दोनदा. मग त्यांना स्टुलावर गुडघ्यावर उभं करून टाचेच्या मागे ती छोटी हातोडी मारली, पाऊल खाली गेलं ते परत वर सावकाश आलं (थायरॉईड मंदावला की असं होतं), ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. डॉक्टर म्हणाले, "केसांसाठी वगैरे काही घेता का?" वैनींनी पिशवीतून डबा काढला. बारीक अक्षरात लिहिलेलं, प्रत्येक कॅप्सूलमध्ये बायोटिन, म्हणजे केसांसाठी म्हणून खपवतात ते जीवनसत्त्व, 10 मिलिग्रॅम. त्यांनी सांगितलं की काही मशीनवर टीएसएचची टेस्टच बायोटिनच्या आधारावर चालते, रक्तात ते जास्त असलं की टेस्ट फसते आणि टीएसएच आहे त्याहून कमी दिसतो. वैनींनी रक्त द्यायच्या आधी सकाळची कॅप्सूल घेतलेलीच होती. डबा बंद करून चार-पाच दिवसांनी परत तपासलं तर टीएसएच पंचवीसच्या पुढे. म्हणजे डब्याने दुखणं बरं केलं नाही ते नाहीच, वर रिपोर्टही खोटा पाडला! हे तुमच्या लेखात कुठे आहे? आहे ते एवढंच, 'बायोटिनने केस दाट होतात'.

आणि व्यसन म्हणे! गळ्यातली ग्रंथी जे हार्मोन करते तेच गोळीत असतं, फक्त कारखान्यात केलेलं. एप्रिलमध्ये विहीर आटली की आम्ही टँकर मागवतो, त्याला कोणी पाण्याचं व्यसन म्हणत नाही. 1891 मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून थायरॉईड मंदावलेल्या एका बाईला बरं केलं आणि ती बाई त्यावर 1919 पर्यंत जगली. आपल्याला तर दोन-अडीच रुपयांची गोळी मिळते, उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास चहा थांबवायचा, बस. त्या चहावरून आमच्याकडे रोज कुरकुर होते ती वेगळी. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या डॉक्टर स्वतःच देतात, त्यांना माझा विरोध नाही, फक्त थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायच्या. हे एक वाक्य छापलं असतंत तरी लेख सत्कारणी लागला असता.

राहता राहिली त्याच पानावरची जाहिरात. लेखाच्या बरोब्बर खाली पावडर, 'थायरॉईड, गलगंड मुळापासून', फोन नंबरसकट. योगायोगच असणार! 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, ज्या दुखण्यांवर असले बरं करण्याचे दावे छापायचे नाहीत त्यांच्या यादीत मधुमेह, कॅन्सरबरोबर गलगंडही आहे. तुमच्या जाहिरात विभागाला कोणी ती यादी दाखवेल का? वैनींच्या डब्यावरसुद्धा मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की हे औषधी उपयोगासाठी नाही. म्हणजे बनवणाऱ्यालाही माहितीये, फक्त तुमच्या पुरवणीला माहीत नाही.

वैनी आता परत गोळीवर आहेत, दीड-दोन महिन्यांनी परत तपासायला सांगितलंय, आवाज थोडा मोकळा झालाय. पण गुरुवारी दुपारी तुमचं तेच पान घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बघ, पेपरातपण आलंय!" याला आता मी काय उत्तर देऊ? तेव्हा दुरुस्ती छापा, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. आणि एखाद्या एंडोक्रिनॉलॉजिस्टकडून, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडून लिहून घ्या, मानधन परवडत नसेल तर आमच्या लेकीकडून घ्या, ती फुकट लिहील.

आपली,
एक जुनी वाचक, ता. गुहागर

ता. क. : ती पावडरची जाहिरात जिथे येते तिथे पूर्वी भरती-ओहोटीचं कोष्टक यायचं. ते न सांगता बंद केलंत. आमच्या ह्यांना गळ टाकायला जायचं असतं, मोबाईलवर बघता येत नाही, मग रोज सकाळी मला विचारतात. ते परत सुरू करा.