अंगठाच उमटेना, थाळी कुठून वाढू?

मा. संपादक,

बुधवारच्या पुरवणीतला ‘१०० रुपयांत चौघांची पौष्टिक थाळी’ हा लेख वाचला. लेखिका आहारतज्ज्ञ आहेत, त्यांच्या शिक्षणाबद्दल आदर आहे. पण ‘नियोजनाअभावी गरीब घरांत निकस जेवण होतं’ हे त्यांचं वाक्य कालपासून घशाखाली उतरत नाही.

नियोजन बघायचं तर बाईंनी एकदा आमच्या मंडळींबरोबर मंगळवार बाजारात यावं. ती दिवेलागणीला जात नाही, बाजार उठायच्या वेळी जाते. १० रुपयांची मेथीची जुडी तेव्हा १० ला तीन मिळते. मलूल असते, पण रात्री निवडून ओल्या फडक्यात ठेवली की सकाळी बरी दिसते. पाव किलो तूरडाळ ती तीन वेळच्या आमटीला पुरवते. तिसऱ्या वेळी वाटीत डाळ शोधावी लागते, तो भाग वेगळा. शेंगाचटणी ही सोलापूरची शान म्हणून तुम्ही रकाने भरता. आमच्याकडच्या चटणीत हल्ली शेंगदाणे कमी आणि तिखट जास्त असतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान वाटला. घरी मात्र रेशनच्या गव्हाची चपाती आणि रेशनचाच भात. भाकरी आठवड्यातून दोनदा, त्यातही पहिली आईला.

आता त्या रेशनचं. कायद्याने माणशी ५ किलो, म्हणजे आम्हा चौघांचं २० किलो, आणि २०२३ पासून तेही फुकट. सरकारचे आभार. पण ते हातात पडायला अंगठा लागतो. माझी बायको तीस वर्षं विड्या वळते. पान भिजवायचं, फरमा ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. दिवसाला हजारभर वेळा तीच बोटं, तोच अंगठा. त्या अंगठ्यावर रेघ म्हणून शिल्लक नाही. मशीनवर ठेवला की लाल दिवा. दुकानदार भला माणूस आहे, स्वतःच्या शर्टाने काच पुसतो, ‘वहिनी, बोट केसाला घासून बघा की’ म्हणतो. तिने केसाला घासलं, लिंबू चोळलं, खोबरेल लावलं. लाल दिवा. डोळा दाखवून धान्य मिळायची सोय आहे म्हणतात. आमच्या दुकानातलं डोळ्याचं मशीन बिघडून पडलंय. मोबाइलवर आकडा येतो म्हणे. कार्डाला जोडलेलं सिम रिचार्जअभावी कधीच बंद झालं.

माझा अंगठा उमटतो. पण दुकान उघडं असतं तेव्हा मी मागावर असतो आणि खाडा केला की हजेरी जाते. वर त्या केवायसीला, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाच्या ओळख-पडताळणीला, तर जो तो स्वतःच पाहिजे, तिच्या जागी मी चालत नाही. गेल्या महिन्यात ती चार वेळा गेली. दोनदा लाल दिवा, एकदा सर्व्हर बंद. चौथ्या वेळी आमच्या दहावीतल्या पोरीने शाळा बुडवून बोट लावलं तेव्हा धान्य घरात आलं. त्या चार खेपांत बाराशे विड्या बुडाल्या. फुकटचं धान्य आम्हाला असं पडतं. पुढच्या महिन्यात पोरीची चाचणी परीक्षा आहे.

बाईंनी मागाच्या कामगारांना शिवभोजन थाळीही सुचवली आहे. १० रुपयांत जेवण, वाईट कोण म्हणेल? पण त्यातली चपाती ३० ग्रॅमची, आणि मिळतात दोन. बारा तास टॉवेलच्या मागापुढे उभं राहिलेल्या माणसाने त्या खाऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं की काय? आता तर आमच्या कारखान्याजवळचं केंद्रही बंदच दिसतं, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

मूग भिजवा, ‘दोनदा पाणी बदला’, मोड आणा, असंही लिहिलं आहे. कुठलं पाणी? आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड येतो, तोही रात्री-अपरात्री. उजनी १०० टक्के भरली की तुम्ही पहिल्या पानावर रंगीत फोटो छापता. ११७ टीएमसीचं धरण, जिल्ह्याची जीवनदायिनी वगैरे. तिथून सोलापूरच्या नळापर्यंत पाणी रोज का येत नाही, यावर पुरवणी काढा, आम्ही कात्रण काढून ठेवू.

राहिला बाईंचा हिशेब. १०० ग्रॅम पनीर, बीटची कोशिंबीर, मोडाची उसळ, केळी आणि ‘प्रत्येकी चार भिजवलेले बदाम’. मी किराणावाल्याला सोळा बदाम मागितले. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं, ‘काका, कोण आजारी आहे?’ पनीर आणि बदाम मिळूनच शंभराच्या नोटेला मोठं भगदाड पडलं होतं.

कळावे.

आपला नियमित वाचक,
विडी घरकुल, सोलापूर

ता. क. छायाचित्राखाली ‘ज्वारीची भाकरी’ असं छापलं आहे. ती बाजरीची आहे. पेपर सोलापुरातून निघतो, निदान एवढं तरी बघत जा.