सर, त्या नाण्यांवरचं कापड तुमच्यामुळं वाचलं

सर, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं, जेवलीस का" म्हणून विषय बदलता, म्हणून म्हटलं इथंच सगळ्यांसमोर लिहावं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीय. आपल्या शाळेत शिकलेले ओळखतीलच.

मृगाच्या आधीचा आठवडा होता. दादांनी ठिबकच्या पाईपसाठी चारी काढायला घेतलेली, जेसीबीचं भाडं परवडेना म्हणून टिकाव-खोऱ्यानंच, आणि खणायला मामा होते. मामा म्हणजे आमचे नात्यातले नव्हेत, माझ्या लग्नाआधीपासनं आमच्या रानात रोजानं येतात. बांधाजवळ टिकाव लागला आणि गाडग्याचा काठ फुटला, आत हिरवीगार नाणी, एकमेकांना चिकटून पार ढेकूळ झालेलं. सुट्टी होती म्हणून मी त्या दिवशी सोलापूरवरनं गावी आलेले, नाहीतर हे सगळं मला नंतर ऐकूनच कळलं असतं.

तासाभरात अर्धं गाव जमलं. कोण म्हणतंय गुप्तधन आहे, राखणदार नाग असतोय, आधी नारळ फोडा, कोण म्हणतंय गपचूप घरात न्या, पोलिसांचं लफडं मागं लागंल. काकूनं तर चिंच-मीठ कालवून ताट तयार ठेवलेलं, देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी घासतात तशी घासून काढू म्हणाली. दादा खरंच घाबरले होते. मला दुसरं कोणी सुचलंच नाही, नववीला इतिहास शिकवणारे तुम्ही आठवलात, नंबर मैत्रिणीकडनं घेतला. आणि तुम्ही रिटायर माणूस, भर उन्हात गाडी मारत सीना नदीच्या काठापर्यंत आलात.

आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता तुम्ही म्हणालात, "कोणी हात लावू नका, आणि घासायचं तर अजिबात नाही." मग गाडगं आहे तसंच ठेवून शेजारी पट्टी धरून फोटो काढले, एक टेप बांधाच्या दगडापासनं, एक विहिरीच्या कठड्यापासनं, खोली अडीच फूट, मातीचा रंग, सोबत निघालेले विटांचे तुकडे, सगळं वहीत लिहिलं. मला तेव्हा वाटलं हे कशाला एवढं, नाणी तर हातात आहेत की. तुम्ही म्हणालात नाणं बाजारात कुठंही मिळतं, पण ते कुठं, किती खोल आणि कशासोबत होतं हे एकदाच दिसतं, उचललं की संपलं.

आणि मग ते भिंग. "तू कापडात असतीस ना, हे बघ जरा." मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे सर, दिवसभर डोळ्यांसमोर धागेच असतात, कुठं तुटलाय, कुठं गाठ आलीय. त्या ढेकळाच्या एका बाजूला हिरव्या गंजात वीण होती! एक धागा वर एक खाली, साधी वीण, ताणा बारीक, बाणा जाडसर, आणि सूत हातानं कातलेलं असणार कारण एकाच धाग्याची जाडी कुठं कमी कुठं जास्त. एका ठिकाणी तर फडक्याला मारलेल्या गाठीचा पीळ. तुम्ही सांगितलं की तांब्याचा गंज धाग्यात मुरत जातो, कापड कुजून जातं आणि गंजच कापडाच्या आकाराचा होऊन बसतो. म्हणजे कोणीतरी फडक्यात बांधून, गाठ मारून ते गाडग्यात ठेवलं होतं. चिंचेचं पाणी लागलं असतं तर पाच मिनिटांत गेलं असतं सगळं, आणि आम्ही चकचकीत झालं म्हणून खूश झालो असतो. सुट्या निघालेल्या एका नाण्यावर 'श्री राजा शिव' तुम्ही बोट फिरवून वाचून दाखवलंत, शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं. दादांनी तिथंच टोपी काढली.

पण सर, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते संध्याकाळी ओट्यावर जे झालं त्यासाठी. चार जण दादांना सांगत होते की सरकारला कळवायच्या अर्जात मामांचं नाव घालू नका, रान तुमचं, माल तुमचा, त्याला हजेरी दिली की झालं. तुम्ही पिशवीतनं तो १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा काढलात आणि मोठ्यानं वाचलात. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, काय सापडलं, किती, कुठं, कोणत्या तारखेला. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. आणि मूळ मालक कोणी निघाला नाही आणि आपापसात काही ठरलेलं नसेल तर पाऊण हिस्सा सापडवणाऱ्याचा, पाव हिस्सा जमीनमालकाचा. ओटा एकदम गप्प झाला. मामा उठून जायला लागले, म्हणाले मला नको बाबा, उद्या कामाला कोण बोलवंल. तुम्ही त्यांना हात धरून बसवलंत आणि दायमाबादचं सांगितलंत, १९७४ ला प्रवरेकाठी झाडाची मुळी खणताना छबू लक्ष्मण भिल्ल यांना तो काशाचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस सापडली, साठ किलोच्या वर वजन, आज जगभरच्या पुस्तकांत त्याचे फोटो आहेत आणि त्यांचं नाव पण आहे. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिवा, खणणारा म्हणून ह्याचं नाव वर लिवा."

पुढचं पळापळीचं थोडक्यात लिहिते. एका कार्यालयात "असला अर्ज आमच्याकडं येत नाही" म्हणून तीनदा परत पाठवलं, तिसऱ्या वेळी तुम्ही सोबत आलात आणि कलम दाखवलंत तेव्हा पोच मिळाली. मग पंचनामा, मोजणी, सील, ट्रेझरीत जमा. मधल्या काळात बाहेरगावचा एक माणूस घरी येऊन चाळीस हजार रोख देतो म्हणाला, फक्त पंचनाम्याआधी द्या. तेव्हा सोयाबीनच्या बियाण्याचे पैसे द्यायचे होते, खोटं कशाला बोलू, घरात त्या रात्री भांडण झालं. तुम्ही फोनवर "चूक" असं कुणालाच म्हणाला नाहीत, फक्त विचारलंत की तो माणूस कापडाचं काय करणार. त्यावर मलाच उत्तर कळलं.

नोटीस लागल्यावर सुनावणी चार ते सहा महिन्यांनी असते, ती झाली, हक्क सांगायला कोणी आलं नाही आणि सरकारनं म्युझियमसाठी नाणी घेतली. त्याचा दर ऐकून मात्र मला रडू आलं. धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. दीड किलो तांबं! मामांच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन दिवसांची हजेरी. हे बदललं पाहिजे सर, मी स्पष्टच बोलते. तुम्हीच सांगितलं होतं की इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानं तज्ज्ञांची कमिटी बाजारभाव ठरवते आणि म्युझियमला घ्यायचं असेल तर तेवढे पैसे द्यावे लागतात, सापडवणारा आणि जमीनवाला ते वाटून घेतात. आपल्याकडं रोजंदारीवरच्या माणसानं प्रामाणिकपणे कळवावं असं वाटत असेल तर त्याच्या हातात काहीतरी पडायला नको का? मामा मात्र कुरकुरले नाहीत. पोचपावती लॅमिनेट करून आणलीय, नातवाला दाखवतात, "हितं बघ माझं नाव."

नववीत तुम्ही आम्हाला एसटीनं हत्तरसंग कुडलला नेलं होतं, भीमा-सीनेच्या संगमावर, शके ९४० चा म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख दाखवायला. आनंद कुंभारांनी असे लेख शोधत कशी पायपीट केली ते तुम्ही सांगत होता आणि आमचं लक्ष डब्याकडं. नंतर तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं म्युझियम दाखवलंत, गावातल्या एका माणसानं पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतनं मिळालेलं जपत जपत एवढं उभं केलं. तेव्हा आम्ही काचेला नाक लावून हसत होतो. आता मला त्या काचेमागच्या प्रत्येक मण्याखाली कोण खणत होतं ते वाचायचंय.

एक काम अजून बाकी आहे सर. म्युझियमला अर्ज द्यायचाय की ते ढेकूळ फोडून नाणी सुटी करू नका, वीण आहे ती बाजू वर ठेवा, आणि पाटीवर गावाचं नाव, अडीच फूट खोली आणि मामांचं नाव लिहा. मी कच्चा लिहून ठेवलाय, तुमच्या नजरेखालनं घालायचाय. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली की रविवारी या, ज्वारी हुरड्यात आलीय, मामांनी आगटीची जागा पण करून ठेवलीय. तुमचा टेप आमच्याकडंच राहिलाय, दादांनी तो कागदपत्रांच्या पेटीत ठेवलाय, कोणाला हात लावू देत नाहीत.

तुमची विद्यार्थिनी