भिंतीमागचे पाणी कोण पाहणार?

संपादक महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्यातील पारसिक डोंगराच्या उतारावरील घरांना नोटिसा लागतात आणि रहिवासी संरक्षक भिंत मागतात. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाईनगरमध्ये दरडीने पाच बळी घेतले, तेव्हा ही मागणी योग्यच. पण भिंतीला मातीइतकाच पाण्याचाही धोका असतो, हे फारसे कोणी बोलत नाही.

इथला खडक बेसॉल्ट, वरचा थर झिजून मुरूम झालेला. घरासाठी उतार उभा कापला की पायथ्याचा आधार जातो. पाऊस मुरुमात मुरतो, खालच्या घट्ट कातळावर अडतो आणि तिथूनच वरचा थर सुटतो. तीन मीटर उंच भिंतीमागे काठोकाठ पाणी साचले, तर भिंतीच्या दर मीटर लांबीला नुसत्या पाण्याचाच रेटा सुमारे साडेचार टन. मातीचा वेगळा.

म्हणून मागचे पाणी बाहेर पडण्यासाठी भिंतीत ७५ ते १०० मिमी व्यासाचे पाइप दर दीड-दोन मीटरवर, बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवतात. मागे खडीचा थर आणि जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे) कापड नसेल, तर गाळाने ते हळूहळू बुजतात. गल्लीत घाण पाणी गळते म्हणून रहिवासीच तोंडाला सिमेंट लावतात, हे तर सर्रास! मुसळधार पावसात भिंत ओली पण पाइप कोरडे दिसले, तर ते तुंबले आहेत असे धरावे. लोखंडी सळईने गाळ काढता येतो, मात्र तो उघडिपीत, आणि मागचे कापड फाटणार नाही अशा बेताने.

भिंतीच्या वर, कापाच्या कडेपासून मागे, पक्की गटारे हवीत. ती पालापाचोळ्याने भरली की सगळे पाणी थेट कापावर उतरते. वरच्या वस्तीच्या मोऱ्या आणि गळके नळ तर बारमाही पाणी मुरवतात.

महापालिकेने मृगाआधी प्रत्येक भिंतीचे पाइप आणि गटारे तपासून तारखेसह पाटी लावावी. नवी भिंत बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे, पण त्याचे उद्घाटन होत नाही, ही अडचण असावी. भिंत पोटातून फुगली, वरच्या जमिनीला उताराला आडवी भेग गेली, दारे अचानक अडकू लागली किंवा वाहते स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ झाले, तर नोटिशीची वाट न पाहता घर सोडावे. उताराच्या खाली न धावता बाजूला सरकावे आणि सामानासाठी परतू नये.

– एक स्थापत्य अभियंता, कळवा (ठाणे)