बाहेरच्या मॅडमना जाहीर थँक्यू

मॅडम नमस्कार,

तुमचं नाव टाकत नाहीये, कारण तुम्हाला ते आवडणार नाही आणि उद्या वरच्या साहेबांनी विचारलं तर परत तुम्हालाच उत्तरं देत बसावं लागेल. पण सांगली-मिरजेत बालगृहातनं बाहेर पडलेलं कुठलंही पोरगं हे वाचेल ना, त्याला दोन ओळीत कळेल कोणाबद्दल चाललंय ते. तुमचं पद 'संरक्षण अधिकारी, संस्थाबाह्य', म्हणजे संस्थेबाहेरच्या पोरांचं बघणाऱ्या सरकारी मॅडम, पण एवढं लांबलचक कोण म्हणणार, आम्ही आपलं बाहेरच्या मॅडम म्हणायचो.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी लहानपणी मिरज जंक्शनला सापडलो, पाच-सहा वर्षांचा असेन. जन्माचा दाखला कुठनं असणार, शाळेत घालताना १ जून पडली, बाल कल्याण समितीनंही तीच धरली, आणि कायद्यानं समितीनं लिहिलेलं वय तेच खरं वय. आमच्यातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनलाच, केकचा खर्च वाचायचा. तर त्या १ जूनला अठरा पूर्ण झाले की बालगृहातला मुक्काम संपला. पुढं कुठं जायचं, तर ते आपलं आपण बघायचं, असं मी धरूनच चाललो होतो. आयटीआयमधनं फिटर झालो होतो, हातात काम होतं, पण राहायचं कुठं आणि कुणाच्या जिवावर?

तुम्ही मात्र मी सतराचा असतानाच फाईल उघडून बसला होता. पुढं काय करायचंय, खातं कुठल्या बँकेत आहे, आधारवर पत्ता कुठला आहे, सगळं विचारून लिहून घेतलंत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४६ आहे आणि बाहेर पडलेल्या पोराला २१ पर्यंत, अगदीच गरज असली तर २३ पर्यंत मदत करता येते हे मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतनं महिन्याला ४,००० रुपये, पण ते आपोआप खात्यात येत नाहीत, त्याला अर्ज लागतो, समितीची ऑर्डर लागते, आणि ऑर्डर झाली तरी कागद कुठल्या टेबलावर अडकलाय ते बघायला माणूस लागतो. तो माणूस तुम्ही होता. अनाथ प्रमाणपत्राचंही तेच. २०१८ पासनं राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र हातात नसेल तर त्याचा काय उपयोग, आणि ते पुण्याच्या ऑफिसातनं सुटेपर्यंत तुम्ही फोन करून करून त्यांना बेजार केलं असणार. स्वतः कंत्राटी, मानधन कधी वेळेवर कधी नाही, आणि आमच्या चार हजारासाठी भांडताय. मला तर हे तेव्हाच विचित्र वाटायचं. योजना चांगल्या आहेत ओ, पण जिल्ह्यात त्या चालवायला माणसं किती आणि त्यांची अवस्था काय हेही कुणीतरी बघावं.

पण हे पत्र पैशासाठी नाही लिहीत. रूमसाठी लिहितोय.

कुपवाडला एमआयडीसीजवळ रूम बघत होतो. सगळीकडं तेच तीन प्रश्न, गाव कुठलं, आडनाव काय, घरी कोण कोण असतं. पहिल्याचं उत्तर दिलं की दुसरं अडायचं, तिसऱ्याला तर समोरचा माणूस दार पुढं लोटायलाच लागायचा. एका ठिकाणी डिपॉझिट घेऊन परत दिलं, म्हणले पाव्हणं येणार आहेत. मग तुम्ही रविवारी अ‍ॅक्टिव्हा काढून आलात. घरमालकीण काकूंच्या कट्ट्यावर बसून चहा घेतलात आणि मी मान खाली घालून उभा, तर मलाच म्हणलात, "बोल की, तुझं तू सांग." मी सांगितलं. बालगृहात वाढलो, आईवडील माहीत नाहीत, अमुक कंपनीत अप्रेंटिस आहे, भाडं पाच तारखेच्या आत देतो. काकू गप्प. तुम्ही पण गप्प, मधे पडला नाहीत, मला तुमचा जाम राग आलेला खरं तर. मग काकू म्हणल्या, "आणि जेवणाचं काय करतोस?" झालं, रूम मिळाली. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पोलिस व्हेरिफिकेशन सगळं रीतसर केलं, त्यावर आधारचा पत्ता बदलला. आधी आधारवर संस्थेचाच पत्ता होता, कुठंही झेरॉक्स दिली की क्लार्क वर बघायचा.

जेवणाचं काय, हा प्रश्न बरोबर होता काकूंचा. बालगृहात आम्ही स्वयंपाकघरात मदतीला असायचो पण तिथं भात पातेल्यानं टाकतात, एका माणसाला किती तांदूळ लागतो ते मला येतच नव्हतं, पहिला आठवडा रोज रात्रीचा भात सकाळी फोडणीला. टूथपेस्ट, साबण केवढ्याला मिळतो ते पण दुकानात उभं राहिल्यावर कळलं, कारण तोवर सगळं वाटपातनं मिळायचं. गॅससाठी कागद नव्हते तेव्हा तुम्हीच सांगितलंत की पाच किलोची छोटी टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. असलं काही कुठल्या जीआरमध्ये नसतं.

आणि तो पीएफचा फॉर्म. कंपनीत परमनंट झालो तेव्हा एचआरमधनं फॉर्म दिला, नॉमिनीचं नाव आणि नातं लिहा. अर्धा तास पेन धरून बसलो होतो. शेवटी बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला. तुम्ही कुठल्यातरी मीटिंगमध्ये होता, हळू आवाजात म्हणलात, कुटुंब नसेल तर कुणालाही नॉमिनी करता येतं, फक्त लग्न झालं की ते रद्द होतं, तेव्हा नवीन भरायचं, विसरू नकोस. मी बालगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायचा त्याचं नाव टाकलं, तो आता साताऱ्याला असतो. नात्याच्या रकान्यात 'मित्र'. त्याला सांगितलं तर म्हणतो, म्हणजे तू गेलास तर मला पैसे? मग जपून राहा बाबा. लई हसलो दोघं.

गेल्या गणपतीला मंडळाची पोरं वर्गणीला आली. काकूंकडं घेतली आणि माझ्याकडं पण आली, वेगळी पावती फाडायला. म्हणले दादा पाचशे लिहू का, मी म्हणलं दोनशे लिही, त्यावर घासाघीस झाली, शेवटी तीनशे. पावतीवर माझं नाव आणि खाली 'काकूंची माडी, कुपवाड'. पुढं तीन रात्री आरतीला त्यांनीच ओढून नेलं आणि विसर्जनाला ट्रॅक्टरच्या मागं ढकलायला पण, फुकट नाही सोडत ती पोरं. तुम्हाला पावतीचा फोटो पाठवलेला, तुम्ही नुसता अंगठा टाकला होता. बिझी असाल, काही हरकत नाही, पण सांगायचं राहिलेलं म्हणून आत्ता सांगतोय, तीनशे रुपयांचं इतकं समाधान मला पगारात पण झालं नव्हतं.

थँक्यू मॅडम. मनापासून.

बाकी कामाचं. या १ जूनला तिघं बाहेर पडतायत असं कळलं, त्यातला एक वेल्डर आहे, आमच्या सुपरवायझरशी बोलून ठेवलंय, त्याला सर्टिफिकेटच्या झेरॉक्स घेऊन पाठवा. बँकेत त्यांच्याबरोबर मी जातो, सुट्टी टाकतो. काकूंची मागची खोली पण रिकामी होतेय, दोघं आरामात मावतील, पण भाडं यंदा वाढवून सांगतायत. माझं ऐकत नाहीत, तुम्ही एकदा येऊन बोला.

तुमचा,
कुपवाडचा फिटर