कोकणातले कोरडे दिवस आणि −९९९

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान विभागाची ०.२५ अंशाची पावसाची ग्रिड (नकाशावर आखलेल्या चौकटींनिहाय रोजची) आकडेवारी उतरवून घेऊन 'आमच्या भागात इतके दिवस कोरडे' असे तक्ते हल्ली बरेच जण घरच्या घरी काढतात. छानच आहे, पण मोजणी मात्र ठरावीक जागी चुकते.

या ग्रिडमध्ये १३५ रेखांश आणि १२९ अक्षांश, म्हणजे दिवसाला १७,४१५ चौकटी. वर्षाच्या फाइलीत ६३ लाखांवर आकडे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत फॉर लूपात (एकच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या आज्ञेत) लूप घालून ते एकेक तपासले तर सेकंद लागतात, १९०१पासूनच्या सगळ्या फाइली घेतल्या की मिनिटे. पायथनच्या नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत 'पाऊस >= २.५' (२.५ मिमी झाला की पावसाळी दिवस) एवढी तुलना लिहिली की खरे-खोटेचा तेवढाच मोठा तक्ता म्हणजे अ‍ॅरे मिळतो आणि काउंट_नॉनझीरो हे फंक्शन त्यातले 'खरे' क्षणात मोजते. तक्त्याच्या दिवस, अक्षांश, रेखांश या तीन मितींपैकी दिवस पहिल्या मितीत असतील तर अ‍ॅक्सिस=० (पहिली मिती; मोजणी ०पासून) दिल्यावर चौकटनिहाय दिवस मिळतात. काही जण व्हेअर (अटीत बसणाऱ्या जागा सांगणारे फंक्शन) वापरून त्यावर लेन (लांबी मोजणारे) लावतात. उत्तर कायम ३! व्हेअर तीन मितींच्या तीन याद्या देते, लेन त्या याद्याच मोजते.

जोरदार पावसासाठी, म्हणजे ६४.५ ते ११५.५ मिमीसाठी, दोन्ही तुलना वेगवेगळ्या कंसात घालून & या 'आणि'च्या चिन्हाने जोडाव्यात. कंस विसरले तर & आधी लागू होतो आणि प्रोग्राम एरर देऊन थांबतो. थांबतो हे बरेच, चूक निदान दिसते.

न दिसणारी चूक −९९९ची. जिथे आकडा नाही तिथे फाइलीत −९९९ असते. रत्नागिरीभोवती चौकोन आखून 'पाऊस < २.५' मोजले की अरबी समुद्रावरच्या चौकटी भर जुलैतही कोरड्या ठरतात. −९९९च्या जागी नॅन ('आकडा नाही' अशी खूण) घातले की ही तुलना बरोबर चालते. पण '~(पाऊस >= २.५)' असे उलटे लिहिले तर समुद्र पुन्हा कोरडा, कारण नॅनशी केलेली तुलना खोटी येते आणि ~ (खरे-खोटे उलटवणारे चिन्ह) ती खरी करतो.

टक्केवारीसाठी थेट मीन (सरासरी) घेऊ नये, त्यात भागाकार समुद्रासकट सगळ्या चौकटींनी होतो. आधी ~इझनॅनने (इझनॅन नॅन ओळखते, ~ ते उलटवते) वैध आकडे मोजावेत, त्यांनीच भागावे. पावसाळी अधिक कोरडे यांची बेरीज या वैध संख्येशी जुळली नाही, तर तक्ता छापायला देऊ नये.

— एक वाचक