सिस्टर, मी त्या आकड्यात नाही

आदरणीय सिस्टर,

तुमच्या निरोप समारंभाला मला येता आलं नाही. आम्ही तेव्हा ऊसतोडीला कारखान्यावर होतो. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. आमच्याकडच्या बायका या गोष्टी कुजबुजतच बोलतात, आणि तिथंच घात होतो.

२०१८ चा दसरा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, आठ-दहा दिवसांत टोळी निघणार. मी सव्वीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. एका खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली, तर गर्भपिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल, असं सांगितलं. खर्च तीस हजार. घरात सगळ्यांना पटलं. सासूबाईंची काढलेली, चुलत जावेची काढलेली. पाळीत एक दिवस काम बुडलं की खाडा, त्याचे पाचशे कापले जायचे. ऑपरेशनसाठी मुकादम आणखी उचल द्यायलाही तयार होता.

उपकेंद्रात मी आले होते ती धाकट्याच्या लसीसाठी. फाईल हातात होती. तुम्ही ती बघितली आणि सासूबाईंना म्हणालात, "आजी, बाळाला घेऊन जरा ओट्यावर बसा." दार लोटलंत. मग मला म्हणालात, "आता तू सांग, तुला काय होतंय?" तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी आधी रडले, मग बोलले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ग्रामीण रुग्णालयात नेलंत. तिथल्या डॉक्टर बाईंनी आतून तपासलं. जंतुसंसर्ग होता. मला आणि नवऱ्याला, दोघांनाही गोळ्या दिल्या. खर्च झाला तो जीपच्या भाड्याचा. परत येताना तुम्ही सांगितलंत की या वयात पिशवी काढली तर पाळी जायच्या वयातले त्रास लवकर मागं लागतात आणि बीजकोशही काढले तर हाडं ठिसूळ होतात. सासूबाई थंडीतही घामाघूम का होतात, ते मला त्या जीपमध्ये कळलं.

दिवस राहायची भीती होतीच. तुम्ही टेबलावर तांबी, माला-एन आणि छाया या गोळ्या, निरोध सगळं मांडलंत, दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या अंतराच्या इंजेक्शनचंही सांगितलंत. कुठलंच माझ्या गळ्यात मारलं नाहीत. फडात गोळीची आठवण राहणार नाही म्हणून मी अंतरा निवडलं. "सुई दिली तिथं चोळू नको, शेकू नको," हे दोनदा बजावलंत. पाळी मागंपुढं होईल, कदाचित बंदही होईल, पण आत रक्त साठत नाही, हेही आधीच सांगितलंत. म्हणून फडाजवळच्या कोपीत, झोपडीत, पंधरा दिवस डाग दिसत राहिले तेव्हा मी घाबरले नाही. कार्डावर पुढची तारीख घालून म्हणालात, "कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात हे दाखव. तारीख हुकली तरी चार आठवड्यांच्या आत घे." तसंच केलं.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, बीडची बातमी सगळीकडं आली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या. मी पेपर हातात धरून बसून राहिले. त्यातल्या कितीजणी माझ्यासोबत मोळ्या वाहतात. मी त्या आकड्यात नाही, ते तुमच्यामुळं.

दोन वर्षांनी नवऱ्यानं बिनटाक्याची नसबंदी करून घेतली. "मोळी उचलता येईल ना?" एवढंच त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हसला नाहीत. आठवडाभर जड उचलू नका, तीन महिने निरोध वापरा, मग तपासणी करा, असं नीट समजावलंत. गावात लोक बोलले. आता माझा नवराच दुसऱ्यांना घेऊन जातो.

पाडव्याला आम्ही परत येतोय. धाकटी जाऊ सोबत आहे, तिच्याही हातात तसलीच फाईल आहे. तुम्ही रिटायर झालात हे तिला सांगितलं, तरी तिला आधी तुमच्याशीच बोलायचंय. घरी आणू का?

तुमची,
लसीच्या दिवशी रडलेली