ईजीआर बंद करू नका, साफ करा

संपादक महोदय,

डिझेल गाडी काळा धूर सोडू लागली, पिकअप गेला, की मराठवाड्यातल्या अनेक गॅरेजांत एकच उपाय सांगतात: ईजीआरच्या (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन, म्हणजे धूर परत इंजिनात फिरवणारी वाट) तोंडाशी पत्र्याची चकती बसवून ती बंद करून टाका. काम झटपट होतं, म्हणून मालकही तयार होतो. हा उपाय चुकीचा आहे. ईजीआर व्हॉल्व्ह जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात, हे ऑक्साइड मोजतच नाहीत. त्यामुळे चकती बसवलेली गाडीही पास होते आणि विषारी वायू मात्र आपल्याच गावात सुटत राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या गाडीला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही चकती बसवताना कुणी सांगत नाही.

व्हॉल्व्ह तुंबतो तो काजळी आणि इंजिनातून येणारी ऑइलची वाफ एकत्र येऊन. त्याचा डांबरासारखा चिकट थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती जागा) आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणारा पाईप) बसतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) गाडी थरथरते, धूर येतो. बंद अडकला तर धूर दिसत नाही, पण स्कॅनरवर (गाडीतले दोष वाचणारं यंत्र) बहुधा पी०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी, हा कोड येतो.

व्हॉल्व्ह हाताशी असेल तर साफसफाई घरी जमते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाईप आणि कनेक्टरचा आधी फोटो घ्या. कनेक्टर लॉक दाबूनच सोडवा. उष्णतेनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. जुने बोल्ट सुटत नसतील तर गंजावरचा स्प्रे मारून थांबा, जोर लावू नका. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट तुटला तर तो काढण्याचा खर्च साफसफाईच्या कितीतरी पट होतो. व्हॉल्व्ह निघाला की मॅनिफोल्डच्या उघड्या तोंडात स्वच्छ कापड घाला. सुटलेला काजळीचा खडा आत पडला तर थेट सिलिंडरपर्यंत जाऊ शकतो.

साफ करताना व्हॉल्व्हची मोटर वर आणि तोंड खाली धरा. कार्ब्युरेटर क्लीनर मारा, दहा मिनिटं मुरू द्या, मग नायलॉनच्या ब्रशनं घासा. बैठकीवर स्क्रू ड्रायव्हर किंवा तारेचा ब्रश चालवू नका. ओरखडा पडला की व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट बसत नाही. मोटरवाला व्हॉल्व्ह हातानं ढकलून उघडू नका, आतले गिअर तुटतात. मोटर आणि कनेक्टरवर स्प्रे जाऊ देऊ नका. हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरला हा स्प्रे अजिबात लावू नका. त्याचा वेगळा क्लीनर मिळतो, आणि आतल्या तारेला बोट लावायचं नाही.

काम उघड्यावर, सावलीत करा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पेट्रोल तर नकोच, घासलेटसुद्धा त्या उन्हात पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. इंजिन चालू ठेवून एअर पाईपमध्ये स्प्रे मारण्याचा प्रकारही करू नका. डिझेल इंजिन तोच स्प्रे इंधन म्हणून जाळतं, बेफाम रेस होतं आणि चावी बंद केली तरी थांबेलच असं नाही.

परत बसवताना पॅकिंग नवंच घ्या. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर इतकं आवळणं पुरे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. काही गाड्यांत व्हॉल्व्हची नवी स्थिती ईसीयूला (इंजिन सांभाळणारा संगणक) स्कॅनरनं शिकवावी लागते, नाहीतर आयडल डगमगतं.

काही महिन्यांतच थर पुन्हा जमला तर दोष व्हॉल्व्हचा नाही. आपल्या धुळीत आधी एअर फिल्टर बघा: तो तुंबला की हवा कमी पडते आणि काजळी वाढते. मग इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) आणि टर्बोचं (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) सील तपासा. एअर पाईपमध्ये ओलं ऑइल साचलेलं दिसलं तर टर्बोवर संशय घ्यावा.

ईजीआर कूलर, म्हणजे परत येणारा गरम वायू थंड करणारा भाग, मात्र घरी उघडू नये. त्यात इंजिनाचं कूलंट फिरतं. कूलंट कमी होतंय, बाहेर गळती दिसत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, अशी गाडी न चालवता दुरुस्तीला न्यावी.

– एक डिझेल मेकॅनिक, परभणी